घोडीच्या शेजारून

घोड्यावर बसायला शिकण्याचे पैसे भरून मी सध्या घोडीच्या शेजारून चालतो आहे. पायात गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर हेल्मेट, मांड्यांना आवळून बसणारी विजार (ही चढवायला बायकोची मदत लागते आणि उतरवायला तिची आणि मुलाची), हातात बारा फुटी दोरी आणि दोरीच्या पलीकडच्या टोकाला राणी. एवढा सरंजाम करून चालणं पायीच. घरातून मी याहून कमी खर्चात चालत होतो.

सोसायटीत रोज चौकशी होते. शेजारचे निवृत्त तहसीलदार गॅलरीतून विचारतात, "बसलात का?"

"अजून नाही."

"पैसे भरले ना?"

"भरले."

"पावती घेतली?"

घोड्याचं हे खूळ डोक्यात शिरलं याला आमचं शहर जबाबदार आहे. हे गाव मुळात घोडेस्वारांचं. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली, ती हलक्या घोडदळाच्या जोरावर मोगलांना दमवत असतानाच. त्याच्या फौजेत मराठे स्वार होते. मग खडकीचं औरंगाबाद करणाऱ्या औरंगजेबाची पागा आली, निजामाची आली, छावणीत इंग्रजांची आली. चारशे वर्षं या मातीत टापा उमटल्या आणि शेवटी वाळूजला दुचाकींचा कारखाना आला. माझ्या पिढीचा चेतक म्हणजे स्कूटर. ती अडली की एका कुशीवर तिरकी करायची, सरळ करायची आणि किक मारायची. राणीवर हा उपाय चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण क्रांती चौकातून जाताना महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याकडे नजर गेली की गिअर बदलता बदलता आपल्याही मांडीखाली घोडा येतो. निवृत्त झालो, वेळ मिळाला आणि दौलताबादच्या वाटेवरच्या एका शेतात जाऊन नाव घातलं.

शिकवणारी मुलगी पुण्याहून शिकून आलेली. माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून पहिल्या दिवशी मी तिला "अगं" म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून "मॅडम" म्हणतो.

"काका, आधी ग्राउंडवर्क," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"जमिनीवरून काम. आधी घोडीचा तुमच्यावर विश्वास बसला पाहिजे."

"आणि मी कधी बसायचं?"

"तिचा बसला की."

जमिनीवरच्या कामाची सुरुवात जमिनीवर जे पडलेलं असतं तिथून झाली. म्हणजे लीद. फावड्याने उचलायची, घमेल्यात भरायची, खड्ड्यात टाकायची. मग खरारा. मग खुरातली माती काढायची. त्यासाठी घोडीने पाय उचलून द्यावा लागतो आणि तो द्यायचा की नाही हे तिच्या मर्जीवर असतं. वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीत मी आयुष्य काढलं. लोक माझ्या सहीसाठी दारात उभे असत. इथे मी वाकून एका पायासाठी उभा होतो आणि वरून शेपटीचे फटके बसत होते.

राणी कोण, हे सांगितलं पाहिजे. ती शेतावरच्या चाचांची. चाचांचे वडील आणि आजोबा शहरात टांगा हाकत. रिक्षा आल्या, टांगे गेले, चाचा वरातीच्या धंद्यात आले. राणीला त्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलं. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला हा घोडेबाजार भरतो. तिथे दात मोजतात, चाल बघतात आणि सगळ्यात आधी भोवरे बघतात. गळ्याखाली देवमण असेल तर भाव चढतो. डोळ्याखाली आसूढाळ असेल तर गिऱ्हाईक काही न बोलता पुढच्या खुंट्याकडे सरकतं. राणीला देवमण आहे. चाचा ते दागिना दाखवावा तसं दाखवतात. तिने कित्येक लग्नसराया काढल्या. आता वय झालं म्हणून हलकं काम दिलंय, नवशिक्यांना वळण लावायचं. थोडक्यात, ती निवृत्तीनंतर सल्लागार झाली आणि मी नुसताच निवृत्त.

यात एक मेख आहे. राणीच्या पाठीवर आजवर जो जो बसला तो नवरदेव होता. नवे बूट, कपाळाला मुंडावळ्या, कानशिलावरून घाम, आणि रिकिबीत पाय घालायला मागून दोन मामा. एकजात सगळे घाबरलेले. पुरुषांबद्दल तिचं जे मत झालंय ते पूर्ण अनुभवांती झालंय, आणि माझे कोरे करकरीत बूट बघून ते बदलण्याचं तिला कारण नव्हतं.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते दोनच ठिकाणी: थेट कपाळासमोर आणि थेट शेपटीमागे. मी पहिल्या भेटीत समोरून गेलो आणि कपाळावर हात ठेवायला पाहिलं. आपल्याकडे गाय असो, बाळ असो, परीक्षेला निघालेला भाचा असो, कपाळ दिसलं की हात जातो. राणीने मान झटकन वर घेतली. माझा चष्मा उडाला. तो कुठे पडला हे शोधायला मी वळसा घातला तो नेमका मागून.

"साहब! पीछे से नक्को!" चाचा ओरडले. "लात मारेंगी!"

"कोणाला मारली आहे का आजपर्यंत?"

"एक फोटोग्राफर कू."

मग जायचं कुठून? खांद्याच्या अंगाने, तिरकं, हळूहळू, काहीतरी बोलत. काय बोलायचं हा प्रश्न होता. मी हवामान काढलं. तिने एक कान माझ्याकडे वळवला आणि दुसरा रस्त्याकडेच ठेवला. मॅडम म्हणाल्या, "बघा, अर्धं लक्ष मिळालं." आमच्या मासिक बैठकांत मला एवढंही मिळत नसे.

दोरी हातात आल्यावर मी ओढली. राणी मागे रेलली. मी आणखी ओढली. तिचं वजन चारशे किलोच्या आसपास, माझं डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा नऊ किलो जास्त. ही स्पर्धा कोणाच्या बाजूने लागणार हे चाचांच्या शेळीलाही कळलं असतं.

"साहब, कायको खींचरे? उनो भागरी क्या?"

"ती येत नाहीये म्हणून ओढतोय."

"तुम खींचरे, इसलिए नै आरी."

मॅडमनी उलगडून सांगितलं. दोरीला हलका ताण द्यायचा आणि थांबायचं. घोडीने अर्धं पाऊल टाकायचा नुसता विचार केला तरी त्या क्षणी ताण सोडायचा. ताणाने ती अस्वस्थ होते. आपण केलं ते बरोबर होतं हे तिला सोडल्यावर कळतं. उशिरा सोडलं तर चुकीचंच काहीतरी शिकते. सगळी विद्या त्या सोडण्याच्या वेळेत आहे.

हे ऐकून मी बराच वेळ कुंपणाला टेकून उभा राहिलो. आमच्या खात्यात एखाद्याने काम चोख केलं की त्याला आणखी दोन कामं द्यायची पद्धत होती. घरीही तेच. मी कोथिंबीर न वाळलेली, न किडलेली, बरोबर भावात आणली की लगेच, "अहो, आता बाहेर पडलातच तर दळणही टाकून या." ताण सुटतच नाही. मी बायकोला दाब आणि सुटका हे तत्त्व समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग दळण घेऊन या, म्हणजे सोडते."

विश्वासाच्या पाठोपाठ धडा होता आदराचा. घोड्यांच्या कळपात मोठेपणा ठरतो तो कोणामुळे कोणाचे पाय हलतात त्यावर. जो जागचा न हलता दुसऱ्याला बाजूला सारतो तो वडीलधारा. राणी खांदा पुढे करून माझ्याकडे सरकली आणि मी सभ्यपणे दोन पावलं मागे गेलो. ती पुन्हा सरकली. मी पुन्हा गेलो. पाठीला कुंपण लागलं.

"काका, ती तुम्हाला हलवतेय!"

"मी तिला जागा देतोय."

"तिच्या हिशेबी तुम्ही कळपात सगळ्यात खाली आहात."

घरी आलो, पेपर उघडून बसलो. बायको केर काढत आली आणि म्हणाली, "पाय वर." मी पाय वर घेतले आणि तसाच, पाय अधांतरी ठेवून, विचारात पडलो. थोड्या वेळाने फरशी पुसायला मावशी आल्या. त्यांनी तर तोंडानेही सांगितलं नाही, नुसती बादली ठेवली. मी उठून गॅलरीत गेलो.

मराठी माणूस शेतात अडला की ग्रंथाकडे वळतो. मीही वळलो. महाभारतात नकुल अज्ञातवासाचं वर्ष विराटाच्या पागेत ग्रंथिक या नावाने काढतो. राजपुत्र असून लीद त्यालाही चुकली नसणार, याचा धीर आला. ग्रीक झेनोफोनने चोवीसशे वर्षांपूर्वी अश्वविद्येवर लिहून ठेवलंय, त्यात घोड्याजवळ रागाने कधी जाऊ नये असं बजावलंय. मग सिकंदर. त्याचा ब्युसिफॅलस कोणाला आवरत नव्हता. तो स्वतःच्या सावलीला बुजतोय हे पोराने ओळखलं, त्याचं तोंड सूर्याकडे फिरवलं आणि सावली मागे पडल्यावर तो शांत झाला, अशी कथा. मी मे महिन्यात, सकाळी दहाच्या उन्हात, राणीचं तोंड सूर्याकडे केलं. मॅसिडोनियाचं ऊन वेगळं असावं. राणीने अर्धी गिरकी घेतली, मला सूर्याकडे उभं केलं आणि माझ्या पाठीमागच्या सावलीत मान घालून डोळे मिटले.

त्यानंतर मी गुळाकडे वळलो. खिशात खडे नेऊ लागलो. फरक तात्काळ पडला. राणी मला लांबून ओळखू लागली, खिंकाळू लागली, माझ्या अंगाशी लगट करू लागली. मी घरी जाहीर केलं की विश्वास बसला. एक दिवस गूळ विसरलो, तर तिने सदऱ्याचा खिसा उसवला आणि आतली दवाखान्याची चिठ्ठी खाल्ली.

"काका, हा विश्वास नाही," मॅडम म्हणाल्या. "ही लाच आहे."

तहसीलदारांना हे सांगितलं. ते आठवणीत रमून म्हणाले, "आमच्या वेळी यालाच विश्वास म्हणत."

पुढचा धडा भीती घालवण्याचा. घोडा हा कळपात राहणारा, पळून जीव वाचवणारा प्राणी. वाऱ्याने उडालेल्या पिशवीलाही बुजतो. म्हणून त्याच्याजवळ प्लॅस्टिक फडफडवायचं, छत्री उघडायची, डबा वाजवायचा आणि त्याला कशाचंच काही वाटेनासं होईपर्यंत थांबायचं. मी सगळं साहित्य घेऊन रिंगणात उतरलो. पण हिने आयुष्यभर डीजे ऐकलेला. हिच्या पोटाखाली भुईचक्र गेलेलं, तोंडापुढे तोफा उडालेल्या, कानाशी नवरदेवाच्या मित्रांनी नागीण केलेली. मी पिशवी फडफडवली. तिने जांभई दिली. छत्रीचं बटण दाबलं, छत्री फटकन उघडली आणि दचकून मी हौदात बसलो. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. राणीच्या नावापुढे लिहिलं नाही, एवढं मी पाहिलं.

तिच्या अडचणी वेगळ्याच होत्या. वाटेत मारुतीचं देऊळ दिसलं की ती वळते. आमच्या मराठवाड्यात परण्या (लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक) निघतो तो मारुतीला जाऊन येतो, आणि हिला शहराच्या त्या अंगाचे सगळे मारुती पाठ आहेत. चाचा कावा फिरवायला लावत, म्हणजे लांब दोरीवर गोल गोल. ती शहाण्यासारखी फिरतही असे. एकदा कोणाच्यातरी मोबाइलवर बँडची धून वाजली. राणीने मान बाकदार केली, पुढचे पाय एकेक करून उचलले आणि नाचू लागली. दोरीच्या टोकाला मीही नाचलो. इच्छा होती असं नाही, पण हाताला वेटोळा बसला होता. (दोरी हाताभोवती गुंडाळायची नाही हा पहिल्या दिवसाचा नियम.)

मॅडमना त्या पदन्यासाचं कौतुक वाटलं. त्यांनी चाचांना मोबाइलवर ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या पदन्यासाची स्पर्धा, दाखवली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळात भारताने त्यात सांघिक सुवर्ण मिळवलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं पहिलं, आणि संघात मुंबईचा हृदय छेडा होता. चाचांनी शेवटपर्यंत पाहिलं.

"अच्छा है. पन ये तो अपनी राणी करतीच ना. इनके गले में नोटां का हार भी नै दिखरा."

मला खरा धीर दिला तो बर्लिनच्या एका घोड्याने. तिथे गणिताचे शिक्षक असलेल्या फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा होता. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, काहीही विचारा, तो खुराने जमिनीवर ठोके देऊन उत्तर देई. १९०४ साली जाणत्यांची समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. मग फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने छडा लावला. हान्सला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा जवळ आला की विचारणाऱ्याचं डोकं, खांदा, चेहरा केसभर हले, आणि ते बघून तो थांबे. ज्याला उत्तर ठाऊक नाही त्याने विचारलं की हान्स नापास. मालकालाही आपण हलतो हे ठाऊक नव्हतं.

म्हणजे राणीला माझं सगळं वाचता येत होतं. मी तोंडाने "चल बेटा" म्हणत होतो आणि खांदे "नको गं" म्हणत होते. चाचा हे वाचन न करता रोज सांगत होते: "इसको सब मालूम पडता, साहब. तुम सांस रोक के खडे है."

आता श्वास सोडणं हा विषय आला. पोट सैल, गुडघे सैल, नजर मऊ. मी अधिकाराने पोट आत घेऊन उभा राहायचो, ते बाहेर सोडलं. बरीच जागा लागली. तरी राणी येईना, कारण ती येते का हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत असे, आणि तिला साडेतीनशे अंशांतलं दिसतं.

जमलं ते टँकरमुळे. रिंगणात असताना बायकोचा फोन आला. आमच्याकडे नळाला पाणी कधी येतं हे शहराबाहेरच्या वाचकाला सांगून पटणार नाही. आठवड्याच्या हिशेबाने मोजायचं. (आपणच एखादा घोडा पाळू, असं मी एकदा घरी सुचवलं होतं. "पाणी किती पितो?" "दिवसाला तीस-चाळीस लिटर." विषय तिथेच मिटला.) तर टँकर आला की नाही, किती पैसे द्यायचे, टाकीचं झाकण कोणी उघडं ठेवलं, असं बोलत मी दोरी खांद्यावर टाकून चालू लागलो. घोडीचा पूर्ण विसर पडला. मी थांबलो तर मागे टापा थांबल्या. मी वळलो तर त्याही वळल्या. मग मानेवर गरम फुंकर आली आणि खांद्यावर हनुवटी टेकली. राणी ओठ चाटत, तोंडातल्या तोंडात चघळत, डोळे अर्धे मिटून उभी.

"काका, हलू नका!" मॅडम कुंपणापलीकडून कुजबुजल्या. "झालं!"

"अहो, ऐकताय ना? रोख की फोनवरून?" बायको म्हणाली.

त्या दिवसापासून राणी माझ्यामागे येते. दोरी नसली तरी येते. मी थांबलो की थांबते, खांदा पुढे केला की मागे सरते. आता बसायचं, असं ठरलं. विजार धुवून घेतली. आणि ठरल्या दिवशी सकाळी शेजारच्या मंगल कार्यालयातून चारपाच माणसं पळत आली. परण्या खोळंबला होता, ठरवलेला घोडा पोचलाच नव्हता, मुहूर्त जवळ. चाचा पाय मुरगळून बाजेवर. राणी त्या माणसांबरोबर जाईना. एकाने ओढलं; काय झालं ते मी वर सांगितलंच आहे.

"साहब के साथ जायेंगी," चाचा म्हणाले.

अशा रीतीने मी बूट, विजार, हेल्मेट अशा पूर्ण पोशाखात, दुसऱ्याला घोडीवर बसवून, पुढे दोरी धरून निघालो. नवरदेव आयटीतला. त्याचे गुडघे राणीच्या बरगड्यांना चिकटले होते.

"काका, चावत नाही ना?"

"श्वास सोड."

"काय?"

"पोट सैल सोड. तू घाबरलास हे तिला कळतं."

"मी तिला नाही घाबरलो, काका."

यावर काय बोलणार? बँड सुरू झाला. राणीने मान बाकदार केली. मारुतीपाशी ती आपणहून थांबली, दर्शन होईपर्यंत हलली नाही, आणि परत वळली तीही योग्य ठिकाणी. माझं काम तिच्या पुढून चालण्याएवढंच होतं. मांडवापाशी गर्दीतून आमच्याच कारखान्यातले एक जुने वरिष्ठ पुढे आले. मुलीकडचे निघाले. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही... क्वालिटीत होता ना?"

"हो, साहेब."

ईपीएसची पेन्शन किती येते हे आम्हा दोघांनाही माहीत असल्याने त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. नुसते हळहळले, खिशातून पाचशेची नोट काढली, नवरदेवावरून ओवाळली आणि माझ्या हातावर ठेवली. वर म्हणाले, "घोडी मात्र चांगली सांभाळलीय तुम्ही."

निवृत्तीच्या समारंभातही ते माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले नव्हते.

चित्रफीत दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर पोचली होती. संध्याकाळी तहसीलदारांनी गॅलरीतून विचारलं, "बसला का?" प्रश्न नवरदेवाबद्दल होता. मी अजून बसलेलो नाही. चाचांचा पाय बरा होईपर्यंत तीन तारखा लागल्या आहेत आणि राणी दुसऱ्या कोणाबरोबर जात नाही.

तेव्हा यंदा घरात कार्य असेल तर एवढं करा. घोडीच्या समोरून येऊन कपाळाला हात लावू नका आणि मागे उभं राहून फोटो काढू नका. फटाके लांब लावा. डीजे तिच्यापासून दूर ठेवा, आवाज निम्म्यावर आणा. वाटेत तिला पाणी दाखवा. नवरदेवाला आदल्या दिवशी श्वास सोडायला शिकवा. आणि दोरी धरलेल्या माणसाला नोट द्यावीशी वाटली तर संकोच करू नका. तो घेतो, निम्मी चाचांना देतो.